कट्ट्यामागे किती कट्टे?

आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर बटाटा कसा निघाला असं विचारा. शेतकरी एकराचा आकडा सांगत बसत नाही. ‘कट्ट्याला इतके कट्टे’ म्हणतो. कट्टा म्हणजे पोतं. बेण्याचा, म्हणजे लावायच्या बटाट्यांचा, एक कट्टा लावला, त्यातून माल किती निघाला, हा त्याचा हिशोब. आपण शेतीच्या अर्थकारणाचे अभ्यासक पुण्यात बसून हेक्टरी उत्पादन काढतो. पण बटाट्याला हेक्टरी 25 ते 30 क्विंटल बेणं लागतं आणि खर्चाचा मोठा वाटा त्यातच जातो. उत्पादनाला भागायचं कशाने, जमिनीने की बेण्याने, हे त्याला आपल्याआधी कळलेलं आहे.

कार्यक्षमता मोजण्याची आपली रीत ब्रिटिश अर्थतज्ज्ञ फॅरेल यांच्या 1957 सालच्या निबंधातून आली. तेवढीच जमीन, तेवढंच खत, तेवढीच मजुरी वापरून सर्वांत जास्त माल काढणारे शेतकरी शोधायचे आणि बाकीचे त्यांच्या किती मागे आहेत ते बघायचं. ही तांत्रिक कार्यक्षमता. बाजारभाव बघून कशावर किती खर्च करायचा, हा कार्यक्षमतेचा दुसरा भाग.

मागे का राहिले? शिक्षण, वय, कर्ज, कृषी सहायकाची भेट, जमिनीचे तुकडे, ही यादी तुम्हाला पाठ आहे. मला बेण्यावर थांबायचंय. पंजाबचं बेणं मंचरच्या बाजारात येतं. ते महाग पडलं की छोटा शेतकरी घरचाच बटाटा राखून लावतो. मावा ही कीड विषाणू पसरवते, तो विषाणू बेण्यातून पुढच्या पिकात उतरतो आणि दरवर्षी उतारा घटत जातो. आपल्या पाहणीच्या तक्त्यात मात्र विकतचं लावणारा आणि घरचं लावणारा, दोघांच्याही नावापुढे बेणं 25 क्विंटलच. मग जो फरक उरतो, तो आपण शेतकऱ्याच्या अकार्यक्षमतेत टाकून मोकळे होतो!

वेळेचंही तसंच. पठारावरचा खरीप बटाटा पावसाच्या भरवशावर. वाफसा आला, म्हणजे जमीन लागवडीजोगी झाली, आणि पीककर्ज आलं नाही, तर लागवड लांबते. पैसे उशिरा आले तरी तक्त्यात ‘कर्ज मिळाले : होय’. आणि राबणारी बाई असेल, सातबारा नवऱ्याच्या नावावर असेल, तर कर्जाच्या रांगेत ती उभीच राहू शकत नाही.

आता रताळी घ्या. आषाढी एकादशीच्या तोंडावर पुण्याच्या गुलटेकडी बाजारात भाव चढतो, म्हणून वेल पुरता पोसायच्या आत काढणी होते. वजन घटतं, पैसा वाढतो. तांत्रिक गुण कमी, भावाचे जास्त. याला नापास कोण करणार?

नायजेरियात कसाव्याची, म्हणजे आपल्या साबुदाण्याच्या कंदाची, गोष्ट आणखी पेचाची. जगात सर्वांत जास्त कसावा तिथे पिकतो. उपटल्यावर दोन-तीन दिवसांत कंद खराब होऊ लागतो, जमिनीत मात्र महिनोन्महिने टिकतो. म्हणून गरीब घर तो तसाच ठेवतं आणि लागेल तसा काढतं. कंद चिवट होतात, रान अडकून पडतं, आपल्या मोजमापात ते घर घसरतं. पण तेच त्याचं कोठार आहे. साठवणीची सोय नसताना त्याने दुसरं काय करावं?

तेव्हा यंदा पठारावर जाणाऱ्यांनी प्रश्नावलीत दोन रकाने वाढवा. बेणं विकत घेतलं की घरचं, घरचं असेल तर कितवं वर्ष. आणि कर्जाचे पैसे हातात आले ते लागवडीच्या आधी की नंतर, किती दिवसांनी.