मासे पहाटेच का मरतात?

श्रोतेहो, नमस्कार.

जुलै-ऑगस्ट आला की सांगलीत शाळकरी पोरालाही दोन आकडे पाठ असतात. आयर्विन पुलाजवळ 40 फूट म्हणजे इशारा, 45 फूट म्हणजे धोका. नदी चढते तेव्हा ती मोजायची सवय आपल्याला आहे. उन्हाळ्यात तीच कृष्णा बंधाऱ्यांमागं थांबते, हिरवी-काळी पडते, तेव्हाचा आकडा मात्र कुणाच्या तोंडी नसतो. तो आकडा 5 आहे. लिटरभर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन किमान 5 मिलिग्रॅम हवा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा आंघोळीच्या पाण्यासाठीचा निकष आहे. आजचं बोलणं या आकड्याविषयी, आणि तो मोजताना आपण कुठं फसतो त्याविषयी.

आधी पाण्यात ऑक्सिजन किती मावतो ते बघू. गार पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो, कोमट पाण्यात कमी. समुद्रसपाटीला 20 अंशांच्या पाण्यात 9.1 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांच्या पाण्यात साडेसात. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून तिथं आणखी थोडा कमी. सांगली सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळं एप्रिलमध्ये 30 अंशांच्या पाण्यात फार तर 7 मिलिग्रॅम. म्हणजे नदी अगदी स्वच्छ असली तरी हाताशी शिल्लक दोनच मिलिग्रॅमची. ऑक्सिजन मोजायचा मीटर वापरणाऱ्यांनी त्यात जागेची उंची भरायला विसरू नये. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे. तिथं समुद्रसपाटीचा हिशेब धरून मीटर लावला तर आकडा साधारण पंधरा टक्के फुगतो, आणि फुगलेला आकडा सगळ्यांनाच आवडतो.

आता पहाट. शेतातलं खत आणि गावचं सांडपाणी नदीत उतरलं की शेवाळ आणि केंदाळ, म्हणजे जलपर्णी, माजतं. पाण्यातलं शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं. रात्री तेच शेवाळ, मासे, तळातल्या गाळातले जिवाणू, सगळे मिळून तो ओढतात आणि भर घालणारं कुणीच नसतं. सूर्य उगवायच्या आधी पातळी सगळ्यात खाली जाते. त्याच डोहात दुपारी दोनला, शेवाळ ऑक्सिजन सोडत असताना, मावतो त्याहून जास्त म्हणजे 9-10 मिलिग्रॅम आणि पहाटे पाचला दोन, हे सहज घडतं. कचेरीच्या वेळेत, म्हणजे अकरा-बाराला नेलेला नमुना म्हणूनच नदीला उत्तम गुण देऊन जातो. केंदाळाचं आणखी वेगळं. ते आपला ऑक्सिजन वर हवेत सोडतं आणि खाली पाण्यावर झाकण घालतं. खाली ना ऊन पोचतं, ना वारा.

अशा कसाबसा तग धरणाऱ्या डोहात मळीचं पाणी आलं तर काय होतं, त्याचा हिशेब कागदावर मांडता येतो. जिवाणूंना घाण कुजवायला किती ऑक्सिजन लागेल, त्याला बीओडी म्हणतात. गावच्या सांडपाण्याचा बीओडी लिटरला दोनशे-तीनशे मिलिग्रॅम. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या कच्च्या सांडपाण्याचा चाळीस-पन्नास हजार. नदीच्या एका लिटरमध्ये 7 मिलिग्रॅम ऑक्सिजन आहे असं धरा. 50,000 भागिले 7, म्हणजे असं एक लिटर पाणी नदीच्या सात हजार लिटरमधला सगळा ऑक्सिजन खाऊ शकतं. दहा हजार लिटरचा एक टँकर सात कोटी लिटरला पुरून उरेल. वाहतं पाणी हवेतून ऑक्सिजन परत घेत असतं, त्यामुळं प्रत्यक्षात एवढं होत नाही. पण बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेल्या बंधाऱ्यामागं पाणी वाहतच नाही.

इथंच गावागावांत भांडणं लागतात. मासे मेले एका गावात, म्हणून घाण तिथंच सोडली असं धरलं जातं. अमेरिकेतल्या ओहायो नदीवर काम करून स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी 1925 साली दाखवलं, की घाण पडते तिथं ऑक्सिजन लगेच तळ गाठत नाही. जिवाणू कामाला लागायला वेळ लागतो, तोवर पाणी पुढं गेलेलं असतं. ऑक्सिजनची रेघ काढली तर ती झोळीसारखी लोंबते, आणि झोळीचा तळ बराच खाली असतो. पाण्याचा वेग सेकंदाला वीस सेंटिमीटर धरला तरी दिवसात ते सतरा किलोमीटर जातं. वरच्या बंधाऱ्याचे बरगे काढले, धरणातून पाणी सोडलं किंवा वळीव कोसळला, की साचलेलं पाणी आणि ढवळलेला गाळ एका लोंढ्यानं खाली सरकतो. म्हणून नमुना मेलेल्या माशांजवळ एक, वरच्या अंगाला दोन-तीन आणि खालच्या अंगाला एक, असे घ्यावे लागतात. लोंढा तुमच्या आधीच पुढं गेलेला असू शकतो.

नमुना घ्यायची रीत. काठावरचं पाणी नको, पुलावरून किंवा होडीतून मुख्य धारेतलं घ्यावं, पृष्ठभागाखाली फूटभर. बंधाऱ्यावरून पाणी पडतं तिथं लगेच खाली घेऊ नये. पडताना त्यात हवा मिसळते आणि आकडा वाढतो. बाटली 300 मिलिलिटरची, काचेच्या बुचाची. ती पाण्यात तिरकी बुडवून हळू भरायची, बुडबुडा राहता कामा नये. बुडबुडा राहिला तर नमुना फेका, दुसरा घ्या.

पुढची पद्धत विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाची, 1888 सालची. आजही मीटरवर शंका आली की निवाडा तीच करते. बाटलीत 2 मिलिलिटर मँगनस सल्फेट आणि 2 मिलिलिटर अल्कली-आयोडाइड-अझाइड, दोन्ही पिपेटचं टोक पाण्याखाली धरून सोडायचं. बूच लावून बाटली उलटीसुलटी करायची. तपकिरी साका आला तर ऑक्सिजन आहे. साका पांढराच राहिला तर पाण्यात ऑक्सिजन जवळपास नाही. तेवढ्यावरच नदीची अवस्था कळते, पुढचं मोजमाप फक्त नोंदीसाठी. साका खाली बसला की 2 मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल. साका विरघळून पाणी पिवळं होतं. त्यातलं 200 मिलिलिटर घेऊन 0.025 नॉर्मल सोडियम थायोसल्फेट थेंबाथेंबानं घालायचं. रंग गवती झाला की स्टार्च टाकायचा, निळं होईल. निळा रंग गेला त्या क्षणी थांबायचं. जितके मिलिलिटर थायोसल्फेट लागलं, तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन. हिशेब इतका सोपा व्हावा म्हणूनच 200 आणि 0.025 हे आकडे निवडलेत. अझाइड विषारी आहे आणि आम्ल भाजतं, तेव्हा हे काम महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या माणसासोबतच करावं. पहिली दोन रसायनं मात्र काठावरच घालावी लागतात. नुसती बाटली भरून गाडीतून नेली तर वाटेत जिवाणू आपलं काम करतात आणि प्रयोगशाळेत नदीचा नव्हे, बाटलीचा आकडा निघतो.

बीओडीसाठी वेगळी लिटरभर बाटली, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवलेली. आपल्याकडं ती 27 अंशांवर तीन दिवस ठेवतात. पाण्यात ब्लीचिंग पावडर पडली असेल तर जिवाणूच मरतात आणि बीओडी खोटा कमी येतो, म्हणून तसा संशय असेल तर आधी सांगावं. कीटकनाशकाची शंका असेल तर नमुना काचेच्या बाटलीत. प्लास्टिक काही औषधं भिंतीला चिकटवून घेतं.

विषाची शंका कधी घ्यायची, तेही माशांवरून कळतं. ऑक्सिजन संपला की मासे पहाटे वर येऊन तोंड वासतात, आधी मोठे मरतात, आणि हवेतून श्वास घेऊ शकणारी मरळ बराच वेळ तग धरते. विषानं मात्र लहान-मोठे सगळे, भरदुपारीही, पाण्यातल्या किड्यांसकट मरतात. कशानंही मेलेले असोत, ते मासे गोळा करून खाऊ किंवा विकू नयेत.

बाटलीतला आकडा त्या घटकेचा असतो. गेल्या सहा महिन्यांत काय झालं, हे दगडाखालचे जीव सांगतात. अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीचं जाळं प्रवाहात धरून, त्याच्या वरच्या अंगाला तीन मिनिटं पायानं दगडगोटे ढवळायचे. सुटलेले जीव जाळ्यात येतात. पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून शेपट्या मोजायच्या. स्टोनफ्लाय आणि मेफ्लाय हे उडणारे कीटक, त्यांच्या अळ्या पाण्यात वाढतात. दोन शेपट्यांची स्टोनफ्लायची अळी आणि बहुधा तीन शेपट्यांची मेफ्लायची अळी कल्ल्यांतून किंवा त्वचेतून श्वास घेतात, महिनोन्‌महिने पाण्यात काढतात, एका वाईट आठवड्यातही संपतात. तांबड्या अळ्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, म्हणून कमी ऑक्सिजनमध्येही त्या गाळात निवांत असतात. गुणांची पद्धत अशी, की नाजूक कुळांना 10 आणि गाळातल्या किड्यांना 1.

पण ही गुणपत्रिका कशाशी ताडायची? ओढा मुळात कसा होता हे माहीत हवं. कोयना आणि चांदोलीच्या जंगलातले ओढे इथं कामी येतात. 2010 पासून हा भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, तेव्हा आत जाळं टाकायला वनखात्याची परवानगी लागते. तिथं झाडोऱ्याच्या सावलीनं पाणी गार राहतं आणि पडलेल्या पानांवर अळ्यांची एक अख्खी फळी जगते. ओढ्याकाठचे वाळुंज, जांभूळ, करंज तोडले की ऊन थेट पाण्यावर येतं. वणव्याचं नुकसानही अर्धंच डोंगरावर दिसतं. गवत चांगलं येतं या समजुतीनं साताऱ्याच्या उतारांवर फेब्रुवारी-मार्चमध्ये आगी लावतात. पहिल्या पावसात उघडी माती आणि राख ओढ्यात येते आणि दगडांमधल्या फटी बुजतात. स्टोनफ्लायचं घर त्या फटीत असतं. पाण्याचा ऑक्सिजन तेव्हाही 8 दाखवेल, पण जाळ्यात ती अळी येणार नाही.

मोजणाऱ्यांनी वहीत पाच रकाने ठेवावेत: तारीख आणि घड्याळी वेळ, पाण्याचं तापमान, ऑक्सिजन, बरगे होते की काढलेले, आणि वर किती दिवसांपूर्वी पाणी सोडलं. वेळेचा रकाना रिकामा असेल तर तो नमुना बाजूला ठेवावा. नमस्कार.