कुजी ते बॉन्डाय, उलट्या बाजूने

सिडनीत नवीन आलेल्या माणसाला पहिल्या महिन्याभरातच कोणीतरी विचारतं, काय, बॉन्डाय टू कुजी वॉक केला की नाही? म्हणजे या दोन बीचमधली समुद्रकाठची पायवाट. मग तो एका रविवारी बॉन्डायला उतरतो, फोटो काढत काढत दक्षिणेकडे चालत सुटतो, ब्राँटीला पोचेपर्यंत भूक लागते, तिथेच चिप्स खात बसतो आणि बसने घरी जातो. पुढचा अर्धा रस्ता राहूनच जातो. म्हणून आज आपण उलटे निघालोय, कुजीकडून. सहा किलोमीटर आहे, फार नाही, पण पायऱ्या भरपूर आहेत, तेव्हा बाबागाडी आणायचा विचार करत असाल तर राहू द्या.

आणि सकाळी लवकर निघा. इथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो हे आपल्या डोक्यात बसायला वेळ लागतो, आणि आपण चालणार उत्तरेकडेच, म्हणजे उशीर केला की ऊन सरळ तोंडावर. सावली जवळपास नाही, टोपी-सनस्क्रीन विसरलात तर संध्याकाळी कळेल.

रस्ता सुंदर आहे हे तुम्हाला स्क्रीनवर दिसतंच आहे, ते मी वेगळं बोलून दाखवत नाही. मला दाखवायचंय ते असं, की हा समुद्र गरीब नाहीये. वर निळाशार दिसतो आणि खालनं ओढतो. आणि शहरातल्या लोकांना तर त्यातच डुंबायचंय. मग गेली सव्वाशे-दीडशे वर्षं एकेका बीचवरच्या लोकांनी या पाण्याशी कशी कशी तडजोड केली, ते बघत आपण जाणार आहोत.

सुरुवातीलाच थोडी वाकडी वाट करूया. कुजी बीचच्या दक्षिणेला, म्हणजे आपल्याला जायचंय त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला, दहा मिनिटांवर मॅकआयव्हर्स लेडीज बाथ्स आहेत. समुद्राला लागून खडकात केलेला तलाव, फक्त बायका आणि लहान मुलांसाठी, 1880 च्या दशकापासून चालू. मध्ये समान हक्क कायद्याचा प्रश्न आला, बायकांपुरतीच जागा कशी काय चालते म्हणून, तेव्हा 1995 मध्ये खास सूट मिळाली आणि तलाव तसाच राहिला. आत कॅमेरा नेला नाही, साहजिक आहे. पण माझ्या सासूबाई इकडे आल्या होत्या तेव्हा मी त्यांना इथे घेऊन आले होते. नाशिकच्या बाई, समुद्रात कधी गुडघ्याच्या वर गेलेल्या नाहीत. मी म्हटलं, अहो आई, पाणी फार गार आहे हां. तर म्हणाल्या, असू दे गं, बघायला पुरुष नाहीत ना कोणी? मग झालं. आणि पंजाबी ड्रेससकट उतरल्या. बाहेर काढायला मला जेवणाचं आमिष दाखवावं लागलं.

त्याच्या शेजारी वायलीज बाथ्स, 1907 चा, खाली खडकात तलाव आणि वर लाकडी खांबांवर डेक. हा ज्याने बांधला त्या हेन्री वायलीची मुलगी मीना. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच बायकांची पोहण्याची शर्यत झाली, त्यात 100 मीटरला फॅनी ड्युरॅक पहिली आणि मीना वायली दुसरी, दोघीही सिडनीच्या. गंमत म्हणजे तेव्हा इथल्या महिला जलतरण संघटनेचाच नियम होता की पुरुष बघत असतील तिथे बायकांनी शर्यतीत उतरायचं नाही, लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा कुठे दोघींना जाता आलं.

आता मागे फिरून मेन बीचवर. समोर पाण्यात जो बुटका खडक दिसतोय ना, लाटा फुटून पांढरा झालेला, त्याला वेडिंग केक आयलंड म्हणतात. मोठ्या लाटा आधी त्याच्यावर आपटतात म्हणून कुजी जरा शांत वाटतं. वाटतं असं म्हणाले मी. इथली लाट एकदम किनाऱ्याजवळ, उथळ पाण्यात उभी राहून धाडकन पडते, आणि त्यात डोकं खाली गेलं की मानेला इजा व्हायची भीती.

1928 मध्ये इथे समुद्रात आत शिरणारा मोठा धक्का बांधला होता, थिएटर, दुकानं, सगळं त्यावर. सहा वर्षांत लाटांनी त्याची अशी काही हालत केली की 1934 ला पाडूनच टाकला. तो विषय तिथेच संपला.

त्याच्याच पुढच्या वर्षीची गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. बीचच्या उत्तर टोकाला ती घुमटवाली इमारत दिसतेय, आता तिथे पब आणि रेस्टॉरंट आहे, तिथे तेव्हा मत्स्यालय होतं. कुजीजवळ पकडलेला एक टायगर शार्क त्यांनी आणून ठेवला होता. 25 एप्रिल 1935, अँझॅक डेची, म्हणजे युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणदिनाची सुट्टी, तोबा गर्दी, आणि सगळ्यांसमोर त्या शार्कने ओकारी काढली, त्यात माणसाचा हात. हातावर दोन बॉक्सरचं गोंदण, मनगटाला दोरी. त्या गोंदणावरून आणि बोटांच्या ठशांवरून कळलं की जेम्स स्मिथ नावाचा माणूस, पूर्वीचा बॉक्सर. आणि डॉक्टर म्हणाले हा हात शार्कने तोडलेला नाही, सुरीने कापलाय. म्हणजे खून! मुख्य साक्षीदार कोर्टात जायच्या दिवशीच पहाटे गाडीत गोळ्या लागून मेलेला सापडला, आणि पुढे नुसता हात म्हणजे प्रेत धरता येत नाही असाही मुद्दा निघाला. शेवटी शिक्षा कोणालाच झाली नाही. शार्क बिचारा उगाच बदनाम.

इमारतीच्या मागून चढ लागतो, वर डॉल्फिन्स पॉइंट. 2002 च्या बाली बॉम्बस्फोटात 202 माणसं गेली, त्यात 88 ऑस्ट्रेलियन, आणि त्यातले सहा जण या कुजीच्या डॉल्फिन्स रग्बी क्लबचे, सीझन संपला म्हणून फिरायला गेलेले. त्यांच्यावरून या टेकाडाला नाव दिलं. आणि स्फोटानंतर काही महिन्यांनी, 2003 च्या सुरुवातीला, इथल्याच कुंपणाच्या एका खांबावर दुपारच्या ठराविक उन्हात येशूची आई मेरी दिसते अशी बातमी पसरली. हजारो लोक यायला लागले, फुलं, मेणबत्त्या, जपमाळा, सगळं. कुठल्याशा गावात भिंतीवर साईबाबा दिसले की आपल्याकडे जे होतं ना, सेम टू सेम. मला यात हसण्यासारखं फार वाटत नाही. गाव तेव्हा दुःखात होतं.

गॉर्डन्स बे. हा माझा सगळ्यात लाडका तुकडा आणि बॉन्डायकडून येणारे लोक इथपर्यंत पोचतच नाहीत. वाळू मूठभर, वर लाकडी घसरणींवर छोट्या मच्छीमार बोटी पालथ्या घातलेल्या, आणि खरी पायवाट पाण्याखाली आहे. म्हणजे खरोखर, सुमारे 600 मीटरची साखळी समुद्राच्या तळावर टाकलीये, मध्ये मध्ये काँक्रीट भरलेली पिंपं, डायव्हिंगवाले ती धरून फिरतात. इथे आणि पुढच्या क्लोव्हेलीत ब्लू ग्रोपर नावाचा मासा भेटतो, न्यू साउथ वेल्सचा राज्यमासा, चांगला मीटरभर लांब, माणसाला न घाबरता जवळ येऊन बघतो. हे मासे जन्माला येतात मादी म्हणून, नंतर त्यातल्या काहींचे नर होतात आणि तेव्हा तो गडद निळा रंग येतो. भाल्याने मारायला 1969 पासून बंदी आहे.

क्लोव्हेली बीच असं म्हणतात, पण बीच कुठंय? अरुंद चिंचोळी खाडी आणि दोन्ही बाजूंना काँक्रीट. 1930 च्या दशकात मंदी होती, लोकांना कामं नव्हती, तेव्हा रोजगार म्हणून ही कामं काढली. आपल्याकडे दुष्काळात रोजगार हमीवर पाझर तलाव झाले तसाच प्रकार. बघायला अगदी रुक्ष, मान्य, पण आजी-आजोबा, पोहायला शिकणारी पोरं, सगळे शिडी धरून सरळ खोल पाण्यात उतरतात, वाळू नाही, आपटणारी लाट नाही. दिसायला कुरूप आणि कामाला सगळ्यात चांगलं असं हे काम आहे, माझं मत.

इथनं वर चढलं की कब्रस्तान. वेव्हर्ली सिमेटरी, 1877 पासूनची, कड्याच्या टोकापर्यंत पांढरे संगमरवरी क्रॉस आणि देवदूत, आणि पलीकडे थेट समुद्र. वाट त्याच्या कडेने लाकडी बोर्डवॉकवरून जाते. जून 2016 च्या वादळात इथला उतार खचला होता तेव्हा हा भाग बंद ठेवावा लागला होता. लोक इथे कवी हेन्री लॉसनची कबर शोधत येतात, 1922 मध्ये त्याला सरकारी इतमामाने निरोप दिला होता. पण आम्ही क्रिकेटवाले, आम्ही व्हिक्टर ट्रंपर शोधला. 1902, ओल्ड ट्रॅफर्ड, टेस्टचा पहिला दिवस, लंचच्या आधी शंभर. असं करणारा तो पहिला. मूत्रपिंडाच्या आजाराने 1915 मध्ये गेला, वय फक्त 37. आमचा कॅमेरावाला बराच वेळ तिथे उभा होता, शॉट काही त्याने घेतला नाही, म्हणून तुम्हाला आत्ता समुद्रच दिसतोय.

मे ते नोव्हेंबरमध्ये आलात तर या कड्यावर थोडं थांबा. हंपबॅक देवमासे अंटार्क्टिकाकडून उत्तरेला गरम पाण्यात पिल्लं घालायला जातात आणि परत येतात, ते याच रस्त्याने. आधी फवारा दिसतो, मग पाठ. न दिसण्याचीही तयारी ठेवा.

ब्राँटी. मोठी हिरवळ, झाडं, बार्बेक्यू, रविवारी आपली माणसंही भरपूर, आम्ही सगळे वेस्टमीड, हॅरिस पार्क, पॅरामॅटाकडचे, दीड तास प्रवास करून मेथीचे ठेपले आणि पोह्यांचे डबे घेऊन येतो आणि समुद्राकडे पाठ करून गप्पा मारत बसतो. पाण्याच्या बाजूला बघा. दक्षिण टोकाला कड्याखाली ब्राँटी बाथ्स, 1887 पासून, फुकट. त्याच्या जवळच बोगी होल, खडकांनी नैसर्गिकपणे वेढलेला खळगा, भरती कमी असली की पोरं त्यात खेळतात.

हे समुद्रतलाव इथे इतके का, तर दगडामुळे. हा पिवळसर वालुकाश्म आहे, 23-24 कोटी वर्षांपूर्वी नदीने आणून टाकलेली वाळू, सह्याद्रीचा बेसाल्ट साधारण साडेसहा कोटींचा, म्हणजे याच्यापुढे पोरच. नरम असल्याने फोडायला सोपा. कड्यांवर ही जी जाळी जाळी दिसतेय ती मिठाची करामत, खारं पाणी दगडात मुरतं, सुकतं, मिठाचे खडे होतात आणि वाळूचा कण न् कण सुटत जातो. तलावाची आयडिया साधी, खडकात खोदा, समुद्राकडून बुटकी भिंत घाला, भरतीची लाट भिंतीवरून आत येते आणि पाणी बदलून जाते. पंप नाही, क्लोरीन नाही.

ईशान्येचा वारा सुटला की मात्र ब्लूबॉटल येतात, जेलीफिशसारखे डंख मारणारे छोटे निळे फुगे, पावसाळ्यात जुहूला दिसतात तेच कुळ. डंख बसला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं धरा. बाकीचे घरगुती उपाय नकोत, विशेषतः तो एक, तुम्हाला कळलंय कुठला.

टॅमरामा. छोटासा, दोन खडकांच्या बेचक्यात, मॉडेलसारखी माणसं टॉवेल टाकून पडलेली आणि शहरातला एक सगळ्यात धोकादायक बीच. पाण्याला बाहेर जायला जागा कमी, त्यामुळे ओढ जबरदस्त. इथे समुद्राने तडजोड मान्य केलेलीच नाही म्हणा ना. पण इथली भानगड जमिनीची होती. 1906 मध्ये वंडरलँड सिटी नावाचं मनोरंजन पार्क उघडलं, रोलर कोस्टर, हत्ती, समुद्रावरून तारेवर जाणारं हवाई जहाज. आणि पार्कवाल्यांनी बीचला तारेचं कुंपण घातलं, फुकट येणारे नकोत म्हणून. पोहणारी पोरं रोज कुंपणावरून उड्या मारून जायची, पोलीस यायचे, मग तक्रारी, शिष्टमंडळ, आणि 1907 मध्ये सरकारने पाण्याच्या कडेची 12 फूट रुंदीची पट्टी लोकांसाठी परत घेतली. पार्क 1911 ला बंद पडलं, बीच राहिला. जुहूला किंवा अलिबागला हॉटेलवाल्याच्या वॉचमनने 'इकडून नाही' म्हणून हटकलं असेल ना तुम्हाला कधी, तर हे 12 फूट लक्षात ठेवा.

पुढे मार्क्स पार्क. 1997 पासून वसंतात इथे शिल्पांचं प्रदर्शन भरतं, तेव्हा चालायला जागा नसते. पण या टेकाडावर 1980 आणि 90 च्या दशकात समलिंगी पुरुषांवर टोळ्यांनी हल्ले केले, काहींचा जीव गेला, काही मृत्यूंची तेव्हा नीट चौकशीही झाली नाही. सरकारी चौकशीचा अहवाल आला तो 2023 च्या शेवटी. त्यांचं स्मारक आता इथे आहे, सेल्फी काढणारे बरेच जण न वाचता पुढे जातात.

वळण घेतलं की बॉन्डाय, पूर्ण एक किलोमीटरचा कमानदार बीच. अलीकडे खाली तो पांढरा तलाव, लाटा आत येताना दिसतायत, तो आइसबर्ग्स. 1929 मध्ये लाइफसेव्हर मंडळींनी हिवाळ्यात फिट राहायला क्लब काढला, नियम असा की हिवाळ्यात महिन्यातल्या चारपैकी तीन रविवार पोहायचं, पाच वर्षं. सीझनच्या पहिल्या दिवशी पाण्यात बर्फाच्या लाद्या टाकतात, हौस म्हणून. बायकांना सभासद व्हायला 1990 चं दशक उजाडावं लागलं. गुरुवारी तलाव रिकामा करून घासतात, तेव्हा गुरुवारी जाऊ नका.

आणि मेन बीच. 6 फेब्रुवारी 1938, रविवार, लागोपाठ मोठ्या लाटा आल्या आणि परत जाताना वाळूच्या पट्टीवर उभी असलेली शेकडो माणसं ओढून नेली. नशिबाने लाइफसेव्हर बरेच हजर होते, अडीचशेच्या आसपास लोकांना बाहेर काढलं, पाच जण गेले.

रिप म्हणजे काय ते इथून वरनं छान दिसतं म्हणून कॅमेरा इथे लावलाय. लाटांनी आणलेलं पाणी कुठूनतरी परत जाणारच ना, ते एका अरुंद पट्ट्यातून जातं. तो पट्टा गडद दिसतो आणि तिथे लाटा फुटत नाहीत, आणि नवीन माणसाला वाटतं, अरे वा, शांत जागा, आणि तो तिथेच उतरतो. बॉन्डायच्या दक्षिण टोकाच्या रिपला बॅकपॅकर्स एक्सप्रेस म्हणतात, कारण बसमधून उतरलेला टुरिस्ट सगळ्यात जवळ तिथेच पोचतो. सापडलात तर किनाऱ्याकडे पोहत दमू नका, तरंगत राहा, हात वर करा. आणि मुळात लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच उतरा. झेंडे रोज एकाच जागी नसतात, पाणी बघून हलवतात, कालची जागा आज चालत नाही.

परतीला 333 नंबरची बस इथूनच. पण अजून अकरापण वाजले नाहीयेत, पव्हेलियनमध्ये कपडे बदलायची सोय आहे, आणि झेंडे आज उत्तरेकडे लावलेत, म्हणजे अजून दहा मिनिटं वाळूतून चालायचंय. चला.