कडं करून खेळणारा संघ

नमस्कार श्रोतेहो.

2003 च्या क्रिकेट विश्वचषकातलं एक दृश्य तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. आपले खेळाडू मैदानात एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, डोकी जवळ आणून कडं करून उभे राहायचे. त्या कड्याला हडल म्हणतात. आज ज्या संघाबद्दल मी बोलणार आहे, त्याचा या हडलवर सव्वाशे वर्षांहून जुना हक्क आहे.

अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनमध्ये, गॅलॉडेट विद्यापीठ आहे. कर्णबधिरांना उच्च शिक्षण देण्यासाठीच ते उभं राहिलं. 1864 साली अब्राहम लिंकन यांनी त्याच्या सनदेवर सही केली. तिथं वर्गात, खानावळीत, कचेरीत सगळा व्यवहार खुणांच्या भाषेत चालतो. आपल्याकडे अजून सर्रास ‘मूकबधिर’ म्हणतात, तो शब्द मला पटत नाही. ही माणसं मुकी नाहीत. त्यांना भाषा आहे, व्याकरण आहे, टोमणे आहेत, विनोद आहेत. फक्त ती भाषा हातांनी बोलली जाते.

या छोट्या विद्यापीठात 1883 पासून अमेरिकन फुटबॉल खेळला जातो. संघाचं नाव बायसन, म्हणजे तिकडचा रानगवा. हा खेळ नावाला फुटबॉल; पायाचं काम त्यात थोडंच. आपण कबड्डीची माणसं, तेव्हा असं समजा: अकरा विरुद्ध अकरा, अंगावर जाऊन पकड करायची आणि समोरच्याची जमीन हात-हात करत घ्यायची. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकलात तर चेंडू तुमच्याकडे राहतो, नाहीतर बहुतेक वेळा समोरच्याला मिळतो. प्रत्येक प्रयत्नाआधी डाव ठरवावा लागतो, आणि तो समोरच्याला कळू द्यायचा नसतो.

इथंच सगळी मेख आहे. 1890 च्या दशकात पॉल हबर्ड नावाचा विद्यार्थी गॅलॉडेटचा क्वार्टरबॅक होता, म्हणजे डाव चालवणारा गडी. तो उघड्यावर खुणा करून सोबत्यांना डाव सांगायचा. ऐकू येणाऱ्या संघाला त्यातलं काही कळायचं नाही. पण समोर दुसरा कर्णबधिर संघ आला की पंचाईत! त्यांना प्रत्येक खूण लख्ख वाचता यायची. तेव्हा हबर्डनं आपल्या गड्यांना जवळ बोलावलं, कडं करायला लावलं आणि त्यांच्या पाठींच्या आडोशाला खुणा केल्या. साल 1894 सांगतात. हडलचा उगम बहुतेक जण इथंच मानतात.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या शाळेची कबड्डी आठवली. मी काही वर्षं कर्णबधिर मुलांना शिकवलं आहे. एका तालुका पातळीच्या सामन्यात आमचा एक मुलगा चढाईला गेला. तोंडानं तो ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत होता, पण त्याचे उच्चार त्याचे स्वतःचे होते. पंचांना ते ओळखू आले नाहीत. दम तुटला, असं ठरवून त्यांनी शिट्टी वाजवली. त्याला शिट्टी ऐकू आली नाही. तो दोन गडी मारून, छाती काढून परत आला आणि सगळे त्याच्याकडे का बघताहेत ते त्याला कळेना. त्याचा तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून आजही जात नाही. त्या पोराची कुणाला कीव यावी असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं. त्याचे दोन गुण त्याला मिळावेत, एवढंच वाटलं होतं.

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक ओरडतो, त्या ओरडण्याच्या ठेक्यावर मधला गडी चेंडू मागं देतो आणि सगळी फळी एकदम उसळते. क्षणभर आधी हललात तर पाच यार्डांचा दंड. गॅलॉडेटनं यावर पूर्वी ढोलाचा उपाय काढला होता. मैदानाच्या कडेला भलामोठा ढोल ठेवायचा, त्याच्या ठोक्याची थरथर अंगाला जाणवली की निघायचं. गणपतीच्या मिरवणुकीत ढोलाशेजारी उभं राहिलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. तो ठोका आपल्या बरगड्यांतच वाजतो. पुढं ढोलही मागं पडला. डोळ्याच्या कोपऱ्यातून चेंडूवर नजर ठेवायची, चेंडू हलला की आपण हलायचं. प्रेक्षकांच्या गोंगाटात भल्याभल्या संघांना आपल्याच क्वार्टरबॅकचा आवाज ऐकू येत नाही. या मुलांना त्या गोंगाटाचा काहीच त्रास नाही, आणि चाळीस यार्डांवरच्या सोबत्याशी ती निवांत बोलू शकतात.

आता 2013 चा हंगाम. गॅलॉडेट खेळतं ती अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांची तिसरी श्रेणी. इथं खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. पोरं अभ्यास सांभाळून हौसेनं खेळतात. मधली काही वर्षं तर हा संघ क्लबच्या पातळीवरच खेळत होता. प्रशिक्षक होते चक गोल्डस्टीन. ते स्वतः ऐकू येणारे, पण खुणांची भाषा शिकले आणि त्याच भाषेत संघाला शिकवू लागले. त्या वर्षी नियमित हंगामात दहा सामने झाले. नऊ जिंकले, एक हरले. आपल्या गटाचं विजेतेपद पटकावलं आणि इतिहासात पहिल्यांदा श्रेणीच्या राष्ट्रीय बाद फेरीत गेले. तिथं न्यूयॉर्क राज्यातल्या होबार्ट कॉलेजनं त्यांना 34-7 असं हरवलं. सरळ हार होती ती, आणि मला ती तशीच सांगावीशी वाटते. कुणी त्यांना सूट दिली नाही. नऊ विजय मिळाले, तेही कुणी सूट देऊन नाही.

अशा संघाची बातमी आली की आपण ती ‘प्रेरणादायी’ सदरात टाकतो आणि डाव कसा होता, पकड कुणी केली, हे विचारायचं राहून जातं. या विद्यापीठाला पहिला कर्णबधिर अध्यक्ष मिळायला 1988 साल उजाडावं लागलं. त्यासाठी विद्यार्थ्यांनी आठवडाभर विद्यापीठ बंद पाडलं होतं. ते अध्यक्ष, आय. किंग जॉर्डन, म्हणाले होते की ऐकणं सोडून कर्णबधिर माणूस सगळं करू शकतो. फुटबॉल त्या ‘सगळं’मध्ये येतो.

ऑक्टोबर 2023 मध्ये आणखी एक गोष्ट घडली. एटी अँड टी या अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीनं गॅलॉडेटसोबत एक हेल्मेट तयार केलं. प्रशिक्षकानं हातातल्या टॅबलेटवर डाव निवडला की हेल्मेटच्या आत, डोळ्यासमोरच्या छोट्या पडद्यावर तो उमटतो. हिल्बर्ट कॉलेजविरुद्धच्या सामन्यात क्वार्टरबॅकनं ते घातलं आणि सामना 34-20 असा जिंकला. ज्या खुणा लपवायला हबर्डनं कडं केलं होतं, त्या आता हेल्मेटच्या आत गेल्या. पण ते हेल्मेट एकट्या क्वार्टरबॅककडे होतं. डाव वाचून झाला की तो वळायचा आणि उरलेल्या दहा जणांना हातांनीच सांगायचा, कडं करून.

नमस्कार.