ब्रेक कुणाच्या खात्यात?

(दृश्य : दिवेलागण. रत्नागिरीजवळची बाग. पिकअपमध्ये पेट्या चढताहेत.)

एप्रिल. हापूसचा हंगाम ऐन भरात. सकाळी उतरवलेला आंबा दुपारी निवडून झाला, पेंढ्यात बसला, आणि आता गाडीच्या हौद्यात चढतो आहे. फळ अजून कच्चं आहे, हाताला कडक लागतं. त्याला मार बसला तर आज दिसणार नाही. चार-पाच दिवसांनी अढीत काळा डाग होऊन तो वर येईल.

पहाटे ही गाडी वाशीच्या बाजारात पोचायला हवी. सुमारे 330 किलोमीटर. वाटेत परशुराम, भोस्ते, कशेडी हे घाट.

(दृश्य : डॅशबोर्डवर अडकवलेला मोबाइल. पडदा काळा.)

चालकासमोरच्या या मोबाइलचा पडदा बंद आहे, पण आतलं ॲप जागं आहे. आपण गाडी कशी हाकतो, हे ज्याचं त्याला दाखवणारं ॲप. रत्नागिरीतल्या तिघा तरुणांनी ते बनवलं. दिवसा खोलीत कोड, आणि रात्री कुणाच्या तरी शेजारच्या सीटवर.

(दृश्य : खोली. भिंतीला चिकटवलेले कागद, त्यावर खोडाखोड.)

पहिलं ॲप बोलकं होतं. ब्रेक जोरात लागला की टिंग. वेग वाढला की टिंग. मग एका रात्री त्यांनी साधं गणित मांडलं. ताशी 60 च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. टिंग वाजली म्हणून चालकाने दोन सेकंद मोबाइलकडे पाहिलं, तर 33 मीटर रस्ता त्याने पाहिलाच नाही. घाटात तेवढ्यात वळण येतं. त्या रात्रीपासून नियम ठरला : चाक फिरतंय तोवर ॲपने तोंड उघडायचं नाही.

मग गुणांचा प्रश्न आला. प्रवास संपला की पडद्यावर आकडा यायचा, 72. एका ज्येष्ठ चालकाने विचारलं, "बाळा, 72 म्हणजे पास की नापास?" उत्तर कुणाकडेच नव्हतं. आकडा गेला. त्याच्या जागी आली आंब्याची पेटी. जोरात ब्रेक लागला की एका आंब्यावर डाग. हे समजावून सांगावं लागत नाही. इथल्या चालकाने असा डाग मालकाच्या चेहऱ्यावर वाचलेला असतो.

(दृश्य : मुंबई-गोवा महामार्ग. कामाचे पत्रे, वळवलेला रस्ता, खड्डे. गाडी हेलकावे खाते.)

खरी कसोटी मात्र या रस्त्याची होती.

मोबाइलमध्ये हालचाल टिपणारा संवेदक असतो. पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली, तिन्ही दिशांचा धक्का तो सेकंदाला कितीतरी वेळा मोजतो. वेग एका सेकंदात 12 किलोमीटरने उतरला, तर ॲप त्याला जोराचा ब्रेक म्हणतं. सरळ, सपाट रस्त्यावर एवढं पुरतं. घाटाच्या उतारावर गुरुत्वाकर्षणाचा वाटा त्या मोजमापात मिसळतो, म्हणून उपग्रहाकडून मिळणाऱ्या वेगाशी ते ताडून बघावं लागतं. आणि कशेडीच्या सुमारे 2 किलोमीटरच्या बोगद्यात शिरलं की उपग्रहच दिसेनासा होतो. तिथला हिशेब ॲप सोडून देतं. अंदाजाने कुणावर ठपका ठेवायचा नाही, हे तिघांनी आधीच ठरवलेलं.

(दृश्य : चहाची टपरी. चालक आणि ॲप करणारी मुलगी समोरासमोर.)

पण मोठा प्रश्न विचारला तो 72 चा अर्थ विचारणाऱ्या याच काकांनी. "पोरी, खड्डा आला तर ब्रेक मारू नको काय?"

तिने त्या रात्रीची नोंद उघडली. प्रत्येक ब्रेकची रेघ तिने बोटाने पुढे सरकवली. कित्येक ठिकाणी ब्रेकनंतर लगेच वर-खालीचा मोठा धक्का होता. म्हणजे चालकाने खड्डा पाहिला, गाडी आवरली, तरी चाक गेलंच. हा ब्रेक त्याच्या सवयीचा नव्हताच.

तेव्हा ॲपमध्ये दुसरं खातं उघडलं. एक चालकाचं, एक रस्त्याचं. या सगळ्या कामातली मोलाची गोष्ट हीच. सगळा दोष चालकाच्या माथी मारायची आपल्याला सवय आहे. हा रस्ता 2011 पासून रुंद होतो आहे, आणि त्यावर रोज रात्री गाडी घालणाऱ्याला कुणी विचारलेलं नाही.

(दृश्य : महाड. सावित्रीवरचा पूल, खाली नदी.)

रस्त्याच्या खात्यातली एक जड नोंद इथली. 2016 च्या 2 ऑगस्टला रात्री इथला ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. त्यासोबत दोन एसटी बसही गेल्या.

(दृश्य : पुन्हा घाट. उतार. गिअरवरचा हात.)

चालकाच्या खात्यातही जमा होतंच. डिझेल वाचतं म्हणून उतारावर गाडी न्यूट्रलला टाकायची जुनी खोड. इंजिनाचा धरून ठेवणारा जोर सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, आणि तापलेला ब्रेक नीट धरत नाही. हे मोबाइलला एकट्याला कळत नाही. त्यासाठी गाडीच्या निदान-पोर्टला, म्हणजे इंजिनाची माहिती देणाऱ्या खाचेला, छोटं यंत्र जोडलं. वेग चढा आणि इंजिनाचे फेरे मात्र उभ्या गाडीएवढे, म्हणजे गाडी न्यूट्रलला. घाट उतरून गाडी थांबली की ॲप बोलतं : "काका, भोस्त्याच्या उतारावर गाडी गिअरात नव्हती." एवढंच. पुढे उपदेश नाही.

एका गाडीमालकाने या नोंदी मागितल्या होत्या. दिल्या नाहीत. ज्याचे हात स्टिअरिंगवर, नोंद त्याची. या नोंदी चालकाच्या मोबाइलबाहेर जातच नाहीत, घाटात नेटवर्क नसलं तरी म्हणूनच अडत नाही.

हंगामाच्या अखेरीला काकांच्या पेटीतले डाग कमी झाले होते. भाडं तेवढंच राहिलं.

(दृश्य : पहाट, वाशी. ताडपत्री सुटते. काका एक पेटी उघडतात, पेंढा बाजूला सारतात.)

गाडी थांबली आहे. मोबाइलचा पडदा उजळतो. काका आधी आंबा बघतात.