जोड कुणाशी लावायची?

नमस्कार मंडळी. इथे बसलेल्या बऱ्याच जणांची मुलं, भाचे, पुतणे अमेरिकेत शिकायला गेलेत आणि सप्टेंबर लागला की ती फोनवर सांगतात, शनिवारी गावात गाडी लावायला जागा नाही, लहानथोर सगळे एकाच रंगाचे टी-शर्ट घालून फिरतायत. मिशिगन युनिव्हर्सिटीचं ॲन आर्बरचं स्टेडियम एक लाख सात हजार माणसांचं आहे आणि ते कॉलेजच्या पोरांचा अमेरिकन फुटबॉल बघायला भरतं, म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे, चेंडू हातात घेऊन धावायचा. आज मी मैदानावरच्या डावपेचांबद्दल बोलणार नाहीये, त्याच्या कितीतरी आधी एक काम होतं त्याबद्दल बोलणार आहे, ते म्हणजे खेळायचं कुणाशी हे ठरवणं.

कुस्तीची मैदानं बघितलेल्यांना हे पटकन कळेल. जत्रेत पैलवान नुसता लांग बांधून उतरत नाही, त्याची जोड नेमावी लागते. वस्ताद जाणता असला तर कोवळ्या पोराला एकदम मल्लसम्राटापुढे सोडत नाही, आणि तयार झालेल्या पैलवानाला पोरासोरांशी लढवून त्याची सवयही बिघडवत नाही.

अमेरिकेत मोठ्या टीमला रेग्युलर सीझनमध्ये १२ मॅच मिळतात. त्यातल्या आठ-नऊ स्वतःच्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपल्या गटातल्या कॉलेजांशी, त्या कॉन्फरन्स ठरवून देते, तिथे तुमचं काही चालत नाही. उरलेल्या तीन-चार तेवढ्या तुमच्या हातात. त्या ठरवतो कॉलेजचा ॲथलेटिक डायरेक्टर, फोन करून, करार करून, आणि कधीकधी इतक्या वर्षं आधी की ऐकून नवल वाटतं. अलाबामा आणि ओहायो स्टेटची २०२७-२८ ची जोड २०२० मध्येच ठरली, त्या मॅचमध्ये खेळणारी बरीच पोरं तेव्हा शाळेत होती, मग दोन्ही टीम सात वर्षांनी किती ताकदीच्या असतील हे कोण सांगणार?

करार साधारण दोन तऱ्हेचे. बरोबरीचे असतील तर यंदा आम्ही तुमच्याकडे, पुढच्या खेपेला तुम्ही आमच्याकडे. आणि दुसरा म्हणजे गॅरंटी गेम, मोठं कॉलेज छोट्याला ठरलेली रक्कम देऊन आपल्या घरी बोलावतं आणि परतभेट नसते. मोठ्याला हे का परवडतं, तर घरची एक मॅच म्हणजे तिकिटं, पार्किंग, गावातली हॉटेलं, सगळ्यांची कमाई, शिवाय सहसा एक विजय खिशात. वर्षाअखेरच्या बाउल मॅचला, म्हणजे सीझन चांगला गेलेल्या टीमना मिळणाऱ्या मानाच्या मॅचला, पात्र व्हायला सहा विजय लागतात, आणि खालच्या डिव्हिजनच्या, म्हणजे एफसीएसच्या टीमवरचा एक विजय त्यात धरला जातो.

सहसा म्हटलं, कारण नेहमी तसं होत नाही. १ सप्टेंबर २००७, पाचव्या रँकिंगच्या मिशिगनने ॲपलेशियन स्टेट नावाच्या एफसीएस टीमला चार लाख डॉलर देऊन ॲन आर्बरला बोलावलं आणि ३४-३२ ने हरले, शेवटच्या सेकंदांत मिशिगनचा फील्ड गोल, म्हणजे पायाने मारलेला तीन पॉइंटचा फटका, अडवला गेला.

ही गोष्ट सगळ्यांना आवडते, मलाही, पण तिच्यामुळे दुसरी बाजू झाकली जाते म्हणून ती आज सांगतो. २०१२ मध्ये सॅव्हाना स्टेट या जॉर्जियातल्या, कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या छोट्या युनिव्हर्सिटीने लागोपाठच्या दोन शनिवारी अशा दोन मॅच घेतल्या. ओक्लाहोमा स्टेटकडे ८४-०. फ्लोरिडा स्टेटकडे ५५-०, तीही चारपैकी तिसऱ्या क्वार्टरमध्ये वादळ आलं म्हणून थांबवली. दोन्ही मिळून आठ लाख साठ हजार डॉलर मिळाले, आणि छोट्या कॉलेजच्या खेळखात्याला तो पैसा खरंच लागतो, त्यात दुसऱ्या खेळांचा खर्चही भागतो, हे मला मान्य आहे. पण तेव्हा मोठ्या टीमला ८५ स्कॉलरशिप देता यायच्या आणि एफसीएसला जास्तीत जास्त ६३, शिवाय हा अंगाला अंग भिडणारा खेळ आहे, समोरचा पोरगा तुमच्यापेक्षा वीस-पंचवीस किलोने जड असेल तर मार खाणारं शरीर ॲथलेटिक डायरेक्टरचं नसतं हो, १९ वर्षांच्या मुलाचं असतं. वर्षात अशी एक मॅच ठीक, लागोपाठ दोन घेऊ नयेत, याबद्दल माझं मत ठाम आहे. सॅव्हाना स्टेट पुढे २०१९ मध्ये आणखी खालच्या डिव्हिजन टूमध्ये गेली.

आता वस्तादाकडे येऊ. कॅन्सस स्टेटला १९८९ मध्ये बिल स्नायडर कोच म्हणून आले तेव्हा ती देशातल्या सगळ्यात जास्त हरलेल्या टीमपैकी होती. पहिल्या सीझनला एकच विजय, नॉर्थ टेक्ससवर, २०-१७. त्यांनी जाणूनबुजून सोप्या नॉन-कॉन्फरन्स, म्हणजे गटाबाहेरच्या, मॅच घेतल्या, पोरांना आधी जिंकणं म्हणजे काय ते कळू दिलं, आणि १९९३ मध्ये कॉलेजच्या इतिहासातली पहिली बाउल मॅच जिंकली. लोकांनी नावं ठेवली, मी ठेवणार नाही, हरायची सवय लागलेल्या पोरांना घडवायचा तो रास्त मार्ग होता. पण १९९८ बघा. तोवर टीम ११-०, म्हणजे अकरा विजय आणि एकही हार नाही, करण्याइतकी तयार झालेली, आणि नॉन-कॉन्फरन्स मॅच कुणाशी, तर इंडियाना स्टेट ६६-०, नॉर्दर्न इलिनॉय ७३-७, नॉर्थईस्ट लुइझियाना ६२-७. मग कॉन्फरन्सच्या फायनलमध्ये टेक्सस ए अँड एमकडून दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये ३६-३३ ने हार, आणि मोठ्या बाउल हुकून थेट कमी मानाची अलामो बाउल. पैलवान वाढला तशी जोडही वाढवायला हवी होती.

बरं, जोड वाढवली तरी सगळं आपल्या हातात राहत नाही. बॉइझी स्टेटने २०१० मध्ये व्हर्जिनिया टेकला ३३-३० हरवलं, मोठा विजय, आणि पाचच दिवसांनी व्हर्जिनिया टेक जेम्स मॅडिसन या एफसीएस टीमकडून हरली, त्याबरोबर बॉइझीच्या विजयाचीही किंमत उतरली!

प्लेऑफची, म्हणजे देशाचा चॅम्पियन ठरवणाऱ्या बाद फेरीची, निवड करणारी कमिटी याचा हिशोब कसा करते यावरच आज सगळ्यांचं शेड्यूल हलतं. २०१४ मध्ये बेलरने एसएमयू, नॉर्थवेस्टर्न स्टेट आणि बफेलो घेतले, ११-१ झाले आणि तेव्हा प्लेऑफमध्ये चारच टीम जायच्या, त्या चौघांत आले नाहीत, तर घरच्या मैदानावर व्हर्जिनिया टेककडून हरलेली ओहायो स्टेट आत गेली आणि चॅम्पियन झाली. त्यावरून सगळ्यांनी धडा घेतला की तगड्यांशी खेळा. २०२५ मध्ये टेक्सस ओहायो स्टेटच्या घरी गेली, १४-७ ने हरली, पुढे आणखी दोन हरली, ९-३ झाली आणि बारा जणांच्या प्लेऑफमधूनही बाहेर राहिली. दरम्यान इंडियानाने लुइव्हिलशी ठरलेली मालिका रद्द केली, २०२४ मध्ये एफआययू, वेस्टर्न इलिनॉय, शार्लट अशा मॅच घेतल्या, ११-१ केलं आणि आत गेली. मी इंडियानाला दोष देत नाही, समोर जो नियम आहे त्याप्रमाणे ते वागले. दोष कमिटीचा, कारण तगड्या टीमच्या घरी जाऊन सात पॉइंटने हरणं जोवर महाग पडतंय तोवर कुठलाही शहाणा ॲथलेटिक डायरेक्टर असा करार करताना दहादा विचार करेल, आणि ज्या मॅचसाठी लोक वर्षभर वाट बघतात त्या हळूहळू कमी होतील. मला हे मनापासून खुपतं.

माझ्या हातात मोठ्या टीमच्या तीन जागा दिल्या तर एक मी बरोबरीच्या टीमला देईन, परतभेटीसकट. एक शेजारच्या, जुनं वैर असलेल्या कॉलेजला, कारण तिकडचे प्रेक्षक गाडीने येऊ शकतात. तिसरी छोट्याला, पण ज्याची पोरं शेवटच्या क्वार्टरपर्यंत उभी राहतील अशा छोट्याला. नॉर्दर्न इलिनॉयसारख्या. ७३-७ मार खाल्लेली तीच ही नॉर्दर्न इलिनॉय, ७ सप्टेंबर २०२४ ला चौदा लाख डॉलर घेऊन नोत्र दामकडे गेली, समोर पाचव्या रँकिंगची टीम, आणि १६-१४ ने जिंकली. त्यांचे कोच थॉमस हॅमॉक स्वतः त्याच कॉलेजकडून खेळलेले, मॅच संपल्यावर मैदानावरच मुलाखत देताना त्यांना रडू आवरेना. नोत्र दाम त्याच सीझनमध्ये पुढे सगळ्यांना हरवत थेट फायनलपर्यंत पोचली.