न धुतलेली बोटं

नमस्कार श्रोतेहो.

पायथागोरसचं प्रमेय आपण सगळ्यांनी शाळेत घोकलं आहे. समलंब चौकोन काढून त्याची एक सुरेख सिद्धता देता येते. 1876 साली ती छापून आली, तेव्हा सिद्धता मांडणारा माणूस अमेरिकेच्या काँग्रेसचा सदस्य होता. जेम्स गारफील्ड. पाच वर्षांनी ते देशाचे विसावे अध्यक्ष झाले.

हत्या झालेल्या अध्यक्षांची नावं घेताना लिंकन आठवतात, केनेडी आठवतात. गारफील्ड मागे राहतात, आणि मला त्याची खंत वाटते. ओहायोमध्ये ओंडक्यांच्या घरात जन्मलेलं, बापाविना वाढलेलं, कालव्यातल्या बोटीवर राबलेलं हे पोर. मार्च 1881 मध्ये त्यांनी शपथ घेतली, तेव्हा त्यांची आई एलायझा तिथं हजर होती. मुलाचा शपथविधी डोळ्यांनी पाहणारी ती पहिली अध्यक्षमाता.

चारच महिन्यांनी, 2 जुलैला, वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात चार्ल्स गिटो यानं त्यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या. पॅरिसला अमेरिकेचा वाणिज्यदूत म्हणून नेमणूक मिळावी, हा त्याचा हट्ट होता. एक गोळी दंडाला चाटून गेली, दुसरी पाठीत शिरली. लिंकन यांचे चिरंजीव रॉबर्ट त्या वेळी स्टेशनातच होते, गारफील्ड यांच्या मंत्रिमंडळातले मंत्री म्हणून!

गोळी आत राहिली, पण मज्जारज्जू वाचला होता. मग स्टेशनातच डॉक्टरांनी जखमेत बोट घालून गोळी शोधायला सुरुवात केली. बोट धुतलेलं नव्हतं. पुढचे कित्येक आठवडे बोटं आणि सळ्या त्या जखमेत जातच राहिल्या. जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियेचं महत्त्व 1876 मध्येच फिलाडेल्फियाला येऊन सांगितलं होतं. (आपल्या आनंदीबाई जोशी 1883 मध्ये डॉक्टरी शिकायला गेल्या, ते हेच शहर.) पण डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंवर तिथल्या बऱ्याच नामांकित डॉक्टरांचा विश्वासच बसला नव्हता.

क्ष-किरण सापडायला अजून चौदा वर्षं होती. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी रात्रंदिवस खपून धातू शोधणारं यंत्र तयार केलं. ते घेऊन ते व्हाइट हाऊसमध्ये आले, पण गादीखालच्या लोखंडी स्प्रिंगांनी घोटाळा केला. शिवाय मुख्य डॉक्टर विलर्ड ब्लिस यांचं ठाम मत होतं की गोळी उजवीकडेच आहे. बेलना तेवढीच बाजू तपासू दिली.

जखमेत पू झाला. ताप हटेना, अंगावरचं मांस झडलं. सप्टेंबरमध्ये गारफील्ड यांना समुद्राची हवा हवीशी वाटली, म्हणून न्यू जर्सीतल्या एल्बेरॉनला न्यायचं ठरलं. गाडी थेट बंगल्याच्या दारापर्यंत जावी, म्हणून लोकांनी रातोरात रूळ टाकले. शेवटचा चढ इंजिनाला चढेना, तेव्हा माणसांनी हातांनी डबा ढकलून वर नेला. तिथं खिडकीतून त्यांना समुद्र दिसायचा.

19 सप्टेंबरला, गोळी लागल्यापासून एकोणऐंशी दिवसांनी, ते गेले. पन्नाशीला दोन महिने कमी होते. शवविच्छेदनात गोळी सापडली ती डाव्या बाजूला, स्वादुपिंडामागे. तिच्याभोवती शरीरानं आपणहून आवरण तयार केलं होतं.