एक सेंटाचं हॅलिफॅक्स

नमस्कार श्रोतेहो. माझ्यासमोर टेबलावर एक जुनं पोस्टकार्ड आहे. आकार आपल्या पिवळ्या पोस्टकार्डाएवढाच. मागच्या बाजूला राजा सातव्या एडवर्डचं हिरवं, एक सेंटाचं तिकीट. पुढे कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदराचा बॅरिंग्टन स्ट्रीट, ट्रामचे रूळ आणि सेंट पॉल्स चर्चचा पांढरा मनोरा. हे लाकडी चर्च १७५० सालचं, शहराच्या स्थापनेनंतर वर्षभरातच उभं राहिलेलं. गावातली सर्वांत जुनी इमारत.

भिंग धरलं की चित्र विरघळतं आणि नुसते ठिपके दिसतात. मूळ फोटो काळा-पांढरा, रंग छापखान्यात चढवलेले. त्या काळी, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, अशी बरीच कार्डं जर्मनीत छापून येत. रंग भरणाऱ्याने हॅलिफॅक्स पाहिलेलंही नसायचं. म्हणून आभाळ निळंभोर, आणि अटलांटिकवरून गावात शिरणारं धुकं क्वचितच कुठे दिसतं. मला ते खुपत नाही. रंग उसने असले, तरी रस्त्याचा उतार, खिडक्यांची ओळ, कोपऱ्यावर थबकलेला माणूस हे सगळं कॅमेऱ्यानेच टिपलेलं आहे.

आणि या गावाच्या बाबतीत तेच मोलाचं आहे.

६ डिसेंबर १९१७. पहिलं महायुद्ध चालू होतं. बंदराच्या चिंचोळ्या भागात ‘मॉन्ट ब्लँक’ आणि ‘इमो’ या दोन बोटींची टक्कर झाली. मॉन्ट ब्लँक ही फ्रेंच बोट, स्फोटकांनी ठासून भरलेली. तिने पेट घेतला. जळती बोट बघायला लोक खिडक्यांशी जमले, मुलं रस्त्यावर आली. नऊ वाजून काही मिनिटांनी स्फोट झाला. सुमारे २००० माणसं गेली, ९००० जखमी झाली. खिडक्यांच्या काचा डोळ्यांत घुसून कितीतरी जण आंधळे झाले. मुंबईकरांना १४ एप्रिल १९४४चा गोदीतला स्फोट आठवेल. तिथे फुटलेली ‘फोर्ट स्टिकीन’ ही बोटही कॅनडातच, पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रिन्स रूपर्टला बांधलेली होती.

हॅलिफॅक्सचा उत्तरेकडचा रिचमंड हा भाग, कामगारांची वस्ती, पार भुईसपाट झाला. ग्रोव्ह प्रेस्बिटेरियन, के स्ट्रीट मेथडिस्ट, सेंट जोसेफ्स, सेंट मार्क्स ही तिथली चर्चेस गेली. नॉर्थ स्ट्रीट स्टेशनचं छप्परही कोसळलं. आता विचार करा. कुणा प्रवाशाने दुकानातून सहज उचलून ‘सुखरूप पोचलो’ असं लिहून घरी पाठवलेलं स्टेशनचं कार्ड! ज्याचं छप्पर गेलं, ते स्टेशन त्यावर शाबूत उभं आहे. पाठवणाऱ्याला काही जपून ठेवायचं नव्हतं, त्याला फक्त खुशाली कळवायची होती. पुढे पडझडीचीही कार्डं छापली आणि विकली गेली. ती हातात घेताना मला अजून जड जातं.

ग्रोव्ह आणि के स्ट्रीट, दोन वेगळ्या पंथांची मंडळी. त्यांनी आधी डांबरी कागदाचं एक तात्पुरतं चर्च मिळून वापरलं, मग एकच स्मारक चर्च बांधलं. स्फोटात आईवडील आणि सगळी भावंडं गमावलेल्या एका मुलीने त्या चर्चला घंटा दिल्या. त्या आज फोर्ट नीडहॅमच्या टेकडीवरच्या मनोऱ्यात आहेत.

सेंट पॉल्स मात्र वाचलं. तुमच्यापैकी कुणाची मुलं शिकायला हॅलिफॅक्सला असतील, तर त्यांना सांगा, बॅरिंग्टन स्ट्रीटवरून जाताना दोन मिनिटं या चर्चमध्ये जा. आत शिरल्यावर भिंतीकडे वर बघा. त्या सकाळी दुसरीकडून उडून आलेल्या खिडकीच्या चौकटीचा एक लाकडी तुकडा तिथे रुतला आहे. तो कुणी काढलेला नाही.